शेडकार्डावरची व्हिस्की

माझ्या डोळ्यांबद्दल कोणी शंका घेतलेली मला चालत नाही. बाकीच्या अवयवांबद्दल खुशाल घ्या, गुडघ्यांबद्दल तर मी स्वतःच घेतो. पण रंगांच्या कारखान्यात, रंगजुळवणी विभागात, मी सव्वीस वर्षं काढली आहेत. पांढऱ्याच्या सात छटा मी उभ्याउभ्या ओळखतो. कोणाच्या घरी गेलो की भिंतीचा कोणता कोपरा दुसऱ्या डब्यातून रंगवलाय, हे चहा येण्याआधी सांगतो. त्यामुळे आम्हाला चहाला फारसं कोणी बोलावत नाही, पण तो विषय वेगळा.

सासऱ्यांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला व्हिस्की निवडायचं काम आलं, तेव्हा मी जराही डगमगलो नाही. डगमगली ती बायको.

सासरे शाळा तपासनीस होते. नोकरीतून निवृत्त झाले, तपासणीतून नाही. जेवताना ते भाताला शेरा देतात, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवर लाल पेन चालवताना मी त्यांना पाहिलेलं आहे. माझ्यावरचा शेरा लग्नाच्या दिवशीच ठरला होता, तो म्हणजे "ठीक आहे". गेली बावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक वाढदिवसाला मी काही ना काही नेतो. टेबललॅम्प नेला, रेडिओ नेला, थर्मास नेला, पाय शेकायची पिशवी नेली, आरामखुर्ची तर मी दोन बस बदलून नेली. दर वेळी सासरे वस्तू हातात घेतात, उलटी करून तिचं बूड बघतात आणि म्हणतात, "ठीक आहे. वर ठेवतो."

वर म्हणजे पोटमाळ्यावर. मागच्या खोलीतून एक अरुंद लाकडी जिना वर जातो, त्यावरून ते स्वतः ती वस्तू घेऊन जातात, आणि ती पुन्हा मनुष्यमात्राला दिसत नाही. त्या माळ्यावर त्यांच्याशिवाय कोणी जात नाही. मला कधी बोलावलं नाही, आणि गुडघ्यांमुळे मीही कधी हौस केली नाही. पण खाली बसून मी मनातल्या मनात मोजत असतो. बावीस वस्तू. एका जावयाची पूर्ण कारकीर्द वर धूळ खात पडलेली.

या वर्षी बायकोने त्यांना फोनवर सरळ विचारलं, "बाबा, काय आणू?" एरवी "काही नको" म्हणणारे सासरे म्हणाले, "आणायचीच असेल तर एखादी व्हिस्की आणा. बोर्बन कास्कचा गुण असलेली. जावईबापूंना जमतंय का बघा."

फोन स्पीकरवर होता. "जमतंय का बघा" हे चारही भिंतींनी ऐकलं.

मी तिथल्या तिथे ठरवलं की ही तेविसावी वस्तू माळ्यावर जाणार नाही. ती माझ्यासमोर उघडली जाईल आणि माझ्यासमोर पेल्यात पडेल. मला आणखी काही नको होतं.

"तुला व्हिस्कीतलं काय कळतं?" बायको म्हणाली. "वर्षातून दोनदा घेतोस, तीही दुसऱ्याने ओतलेली."

"ती सोनेरी असते," मी म्हणालो. "आणि सोनेरीतलं या घरात माझ्याइतकं कोणाला कळतं?"

तिने कुकर लावायला घेतला.

पहिला सल्ला वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी दिला. त्यांना मी काही विचारलं नव्हतं. मी जिन्यात बुटाची नाडी बांधत होतो आणि बायकोचं त्यांच्या बायकोला सांगून झालं होतं. दंतवैद्यांना समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय आहे, त्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. ते म्हणाले, "बोर्बन कास्क ना? सोपं आहे. जितकी गडद तितकी जुनी, जितकी जुनी तितकी भारी. गडद घ्या, डोळे झाकून घ्या." मी त्यांना शांतपणे सांगितलं की मी कुठलीही गोष्ट डोळे झाकून घेत नाही. हे वाक्य पुढे मला बरंच महागात पडलं.

दारूच्या दुकानात मी शेडकार्ड घेऊनच गेलो. आमच्या कंपनीचं, सोनेरी-पिवळ्या गटाचं, चौसष्ट छटांचं. गल्ल्यावर एक बाई होत्या, चष्मा साखळीला लटकवलेला. मी काम सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि न मागता शिकवणी सुरू केली.

"कास्क म्हणजे पिंप, आणि बोर्बन म्हणजे मक्याची दारू. ती ओक लाकडाच्या नव्या पिंपात ठेवतात, पिंप आतून जाळून घेतलेलं असतं. ते एकदा वापरलं की पुन्हा बोर्बनला चालत नाही. मग व्हिस्कीवाले ते जुनं पिंप घेतात आणि आपली व्हिस्की त्यात वर्षानुवर्षं ठेवतात. लाकडाचा गुण उतरतो. व्हॅनिला, मध, कधी खोबरं. जिभेला मऊ लागते."

"आणि रंग?" मी शेडकार्ड उलगडलं.

"रंग फिकट सोनेरी असतो बहुतेक. पण साहेब, रंगावर जाऊ नका. पुष्कळ बाटल्यांत वरून रंग घातलेला असतो."

माझा स्वाभिमान दुखावला. वरून घातलेला रंग मला कळणार नाही? माझं आयुष्य वरून घातलेल्या रंगातच गेलं होतं. मी त्यांना माझी सव्वीस वर्षं सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुन्हा साखळीला सोडला. मग मी चार वेगवेगळ्या व्हिस्कींच्या चार छोट्या बाटल्या घेतल्या, प्रत्येकी दोन-तीन घोटांच्या, आणि मोठी बाटली परीक्षेनंतर नेईन असं जाहीर केलं.

"प्या आणि ठरवा," बाई म्हणाल्या.

पिणार कशाला? रंग बघायचा तर प्रमाणित दिवा लागतो, आणि तो आमच्या विभागात आहे. दुसऱ्या दिवशी मी चारही व्हिस्की नमुन्याच्या काचेच्या कुप्यांमध्ये ओतल्या, बाईंनी दिल्या त्या क्रमाने एक ते चार आकडे चिकटवले आणि कारखान्यात घेऊन गेलो. फाटकावरच्या नोंदवहीत लिहिलं, "सोनेरी द्रव, चार नमुने, तुलनेसाठी." एक अक्षर खोटं नव्हतं. सुरक्षारक्षकाने सही घेतली.

दिव्याखाली चारही कुप्या मांडल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्या राज्यात आल्यासारखं. पहिली लालसर, बाद. तिसरी गढूळ, बाद. दुसरी मात्र काय सांगू, छटा क्रमांक एकोणचाळीस, 'पिकलं गव्हाचं शेत', त्यात किंचित चाळीस. भरीव, श्रीमंत, ठाम सोनेरी. चौथी अगदीच फिकी होती, घाईत गाळलेल्या चहासारखी. तिला मी वेगळी काढून डाव्या ट्रेमध्ये ठेवली, पहिल्या तिघींना खिशात घातलं आणि मीटिंगला गेलो.

आता आमच्या विभागाची एक पद्धत सांगायला हवी. उजवा ट्रे म्हणजे परीक्षा चालू. डावा ट्रे म्हणजे पास, गिऱ्हाइकाकडे रवाना. ही पद्धत मीच सुरू केली होती, तिची पाटीही मीच लिहिली होती. पण ती रंगांसाठी. व्हिस्कीच्या बाबतीत माझा डावा हात सामान्य माणसासारखा वागला, नको ते डावीकडे सरकवलं.

मी मीटिंगहून आलो तेव्हा डावा ट्रे रिकामा होता.

डिस्पॅचमधले काका पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत आणि तोपर्यंत एकही चूक करायची नाही असं त्यांनी ठरवलं आहे. ते म्हणाले, "डाव्या ट्रेमधलं होतं, पाठवलं. फर्निचर कारखान्याचा बारावा नमुना आजच जायचा होता ना? त्यावर बारा नंबर नव्हता, चार होता. मी दुरुस्त केला."

हा फर्निचर कारखाना म्हणजे आमच्या कंपनीचा ठसठसता दात. त्यांना लाकडावर द्यायला एक फिकट सोनेरी पॉलिश हवं होतं. वर्षभरात आम्ही अकरा नमुने पाठवले आणि अकराही परत आले. बारावा माझ्या टेबलावर अर्धवट होता. त्याच्या जागी आता व्हिस्की गेली होती.

"परत मागवा," मी म्हणालो.

"नमुना परत मागवायचा फॉर्म नाही," काका म्हणाले. "गिऱ्हाइकाने परत पाठवायचा आहे. आपण परत मागवायचा नाही. तसा प्रसंगच कधी आला नाही."

मी स्वतःची समजूत घातली. अकरा नाकारले तसा हाही नाकारतील. परत येईल, गुपचूप ओतून देईन. संध्याकाळी मी दुकानात जाऊन दोन नंबरची मोठी बाटली घेतली. बाईंनी ती कागदात गुंडाळताना एकदा माझ्याकडे, एकदा बाटलीकडे पाहिलं. "चौथी प्यायलात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चौथीचा निकाल लागला.

निकाल खरंच लागला, पण तीन दिवसांनी, पत्राने. मॅनेजर साहेब ते पत्र हातात धरून विभागात आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू लागले. "आपला बारावा नमुना मिळाला. रंग उत्तम. वास अत्युत्तम, पॉलिश कामगारांनी विशेष समाधान व्यक्त केले. एक हात दिला असता लगेच वाळला. दुसरा हात देता आला नाही, कारण उरलेला नमुना तपासणीत संपला. तरी हाच माल वीस लिटर पाठवावा."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सव्वीस वर्षांत पहिली. "काय घातलंस त्यात?"

"जुनं लाकूड," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"ग्रेट. माल पाठवण्याआधी सुरक्षिततेचं माहितीपत्रक भरून दे. नियम आहे."

ते पत्रक मी जेवणाच्या सुट्टीत भरायला बसलो. ज्वलनशील आहे का? होय. त्वचेवर पडल्यास? धुवावे. बंद जागेत दीर्घकाळ संपर्क आल्यास? चक्कर, बडबड. पोटात गेल्यास काय करावे? इथे मी पेन खाली ठेवलं. खोटं लिहायची मला सवय नाही, आणि खरं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. शेवटी मी साहेबांना म्हटलं की स्वतः जाऊन पॉलिश कामगारांना भेटतो, मगच भरतो. साहेबांना ही माझी निष्ठा वाटली.

फर्निचर कारखान्यात पॉलिशचं काम एका मिस्त्रींकडे होतं. सत्तरीचे असतील, बोटं नखांपर्यंत तांबूस झालेली. त्यांनी मला एका अर्धवट टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "साहेब, व्हिस्की होती ना ती?"

मी मान खाली घातली. सगळं सांगितलं. सासरे, पोटमाळा, शेडकार्ड, डावा ट्रे. बाहेरच्या माणसाला माझ्या बावीस वस्तूंबद्दल मी पहिल्यांदाच सांगत होतो, आणि सांगताना मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मनाला लागलं.

मिस्त्रींनी हसू दाबलं नाही, पण माझी टरही उडवली नाही. म्हणाले, "पहिल्या अकरांचा वास असा होता की पोरं नाकाला फडकं बांधायची. तुमची बारावी उघडली आणि सगळे गोळा झाले. मालकांना रंग आवडला, तो लाकडावर दिसतच होता. मी पत्रात खरं तेच लिहायला लावलं. पण ही बोर्बनच्या पिंपातली, हे मला उघडल्याबरोबर कळलं."

"तुम्ही पिता?"

"छे. पण ओक आयुष्यभर घासलाय. पांढरा ओक तासला, जरा तापवला, की हाच वास येतो. व्हॅनिलाचा म्हणतात तो. हात पुढे करा."

मी अजून खिशातच फिरणारी दोन नंबरची कुपी काढली. माझी निवड, पिकलं गव्हाचं शेत. मिस्त्रींनी तिचे दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले. "आता तळहात एकमेकांवर चोळा. वाळू द्या. आणि डोळे मिटा."

"डोळे?"

"डोळे मिटल्याशिवाय तुमच्यासारख्या माणसाला वास यायचा नाही."

मी डोळे मिटले. वास आला तो औषधाच्या कपाटाचा. बाकी काही नाही. मिस्त्रींनी कुपी उजेडाकडे धरली आणि सहज म्हणाले, "हिला रंग लावलाय."

मला काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या भिंतींचे कोपरे दाखवणारा मी, आणि एका बाटलीने मला समोरासमोर बनवलं होतं. मग त्यांनी कपाटातून चौथीची रिकामी कुपी आणली. तळाशी एक थेंब शिल्लक होता. तो तळहातावर घेऊन चोळला, डोळे मिटले, आणि थांबलो. आधी काहीच नाही. मग हळूच मध, मग ओल्या लाकडाच्या फळीचा वास, आणि त्यामागे खोबऱ्यासारखं काहीतरी गोड आणि ऊबदार. फिकट म्हणून मी हिला घराबाहेर काढलं होतं.

"माणसांचंही असंच असतं," असं काहीतरी मिस्त्री म्हणतील अशी मला धास्ती वाटली. पण ते फक्त म्हणाले, "मालकांना वीस लिटर हाच रंग द्या. वास नाही दिलात तरी चालेल, पण आधीच्यासारखा देऊ नका."

ते माझं क्षेत्र होतं. व्हिस्कीचा एक हात दिलेली फळी त्यांच्याकडून मागून घेऊन मी परत आलो आणि एका दिवसात, एका दमात, चौथ्या व्हिस्कीचा रंग खऱ्या पॉलिशमध्ये जुळवला, उग्र वासाचं थिनर बदलून. तेरावा नमुना पास झाला. पत्रक मी त्याचंच भरलं, आणि "पोटात गेल्यास" समोर मोठ्या समाधानाने "डॉक्टरांना दाखवावे" असं लिहिलं.

दोन नंबरची बाटली घेऊन मी दुकानात गेलो. बाई म्हणाल्या, विकलेली बाटली परत घेत नाही. मग खालच्या फडताळातून चौथीची मोठी बाटली काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवली. कागदात आधीच गुंडाळलेली होती, कागदावर पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'शेडकार्डवाले'.

"एकच उरली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार हे माहीत होतं. किती दिवस लागतील तेवढं ठाऊक नव्हतं."

दोन नंबरची मी दंतवैद्यांना देऊन टाकली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना, गडद घ्या."

वाढदिवस रविवारी होता. आम्ही सकाळीच पोचलो. सासऱ्यांनी बाटली हातात घेतली. त्यांनी लेबल वाचलं, पुन्हा वाचलं. मग बाटली उलटी केली आणि बूड बघितलं. मला त्या बुडावर काय लिहिलं असतं ते आजवर कळलेलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वर ठेवायची."

बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. इतकी वर्षं मला या वाक्याचा राग यायचा. त्या दिवशी राग आला नाही, नुसतंच वाईट वाटलं. चौथी चांगली होती. मला माहीत होतं ती चांगली होती. आणि ती रेडिओच्या शेजारी धूळ खात बसणार होती.

"माझी कंबर धरलीये," सासरे पुढे म्हणाले. "जावईबापू, तुम्हीच घेऊन जा वर."

मी उठलो. दोन्ही गुडघ्यांनी निषेध नोंदवला. बाटली काखेत धरून तो अरुंद जिना मी एकेक पायरी चढलो आणि वरचं झाकण डोक्याने ढकललं.

वर धूळ नव्हती. छोट्या खिडकीतून उजेड आत येत होता आणि खिडकीपाशी माझी आरामखुर्ची होती, हातांवरचं कापड वापरून वापरून झिजलेलं. खुर्चीशेजारी माझा लॅम्प. रेडिओ चालू होता, हळू आवाजात बातम्या लागल्या होत्या. थर्मासला बाहेरून चहाचा ओघळ. पाय शेकायच्या पिशवीला दोन ठिकाणी ठिगळ, सासूबाईंच्या हातचं नव्हे, वेडंवाकडं, पुरुषी. मी उभ्याउभ्या मोजलं. बावीसच्या बावीस. एकही वस्तू नवी राहिली नव्हती.

मागून जिना करकरला. सासरे वर येत होते, हातात दोन पेले.

"कंबर?" मी विचारलं.

"ती खाली धरते," ते म्हणाले. "खालचं सगळं तुझ्या सासूबाईंचं. पडदे तिचे, टीव्ही तिचा, पाहुणे तिचे. वर माझं. बस." बसायला एकच खुर्ची होती. तिच्यात त्यांनी मला बसवलं आणि स्वतः ट्रंकेवर टेकले.

"बाबा, मला वाटत होतं तुम्हाला काही आवडत नाही."

"आवडलं नसतं तर खाली ठेवलं असतं. खाली जे ठेवतो ते ती वाटून टाकते."

त्यांनी बाटली उघडली. दोन्ही पेल्यांत ओतली. आपला पेला खिडकीकडे धरला आणि भुवया वर केल्या. "रंग फिका आहे," ते म्हणाले. बरोबर तोच स्वर, भाताला शेरा देतानाचा.

मी त्यांच्या पेल्यात बोट बुडवून दोन थेंब त्यांच्या तळहातावर टाकले. "चोळा," मी म्हणालो. "आणि डोळे मिटा."

शाळा तपासनीसांना आजवर कोणी डोळे मिटायला सांगितलं नसावं. त्यांनी आधी पेला ट्रंकेवर ठेवला, तळहात चोळले. मग डोळे मिटले. तळहात नाकाशी नेले. बातम्या संपल्या, हवामान सुरू झालं, तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मग डोळे न उघडताच त्यांनी पेला उचलला आणि एक घोट घेतला.

"दहापैकी नऊ," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे गुण होते ते. पण तपासनीसाचा जावई आहे मी, विचारल्याशिवाय राहवलं नाही. "एक कुठे गेला?"

"बावीस वर्षं खालीच बसून राहिलास."

"तुम्ही बोलावलं कुठे?"

"तू विचारलंस कुठे, वर काय आहे ते?"

खालून सासूबाईंनी आवाज दिला की जेवायला वाढलंय. सासऱ्यांनी तोंडावर बोट ठेवलं, रेडिओचा आवाज थोडा कमी केला आणि माझ्या पेल्यात आणखी थोडी ओतली.